शेतावरचे रोडगे : महाराष्ट्र दिनाच्या पंगतीची नोंदवही

१३ एप्रिल २०२५, रविवार

वसमत तालुक्यातल्या मित्राच्या शेतावर १ मे रोजी संध्याकाळी रोडग्यांची, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत करायची, असे आज आम्ही दोघांनी नक्की केले. मी परभणीत राहतो आणि तो गावी. मैत्री शाळेपासूनची आहे, मात्र स्वयंपाकाचा अनुभव दोघांचा मिळूनही बेताचाच आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही असाच बेत केला होता, तेव्हा रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक असे निघाले आणि पाहुण्यांनी वरण-भातावर वेळ निभावून नेली. काय केले, किती केले आणि कुठे बिघडले हे या वेळी त्या त्या दिवशीच लिहून ठेवायचे, एवढ्यासाठी ही वही सुरू केली आहे.

लातूर-धाराशिवकडे येळवशीला सगळे घरदार शेतात जेवायला जाते. पण ती मार्गशीर्षातली अमावास्या, त्यामुळे भर दुपारी चूल पेटली तरी कोणाला त्रास होत नाही. आमचा दिवस वैशाखातला आहे. म्हणून पहिला नियम असा ठरवला की, विस्तवाचे प्रत्येक काम सकाळी साडेनऊच्या आत उरकायचे, नाहीतर दुपारी साडेचारनंतर हाती घ्यायचे. मधल्या वेळात शेतावर काडीदेखील ओढायची नाही. हा नियम सोयीचा आहे तसाच सुरक्षिततेचाही आहे, कारण या दिवसांत धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, गवत इतके वाळलेले असते की, एक ठिणगी पुरते.

बेत असा आहे : रोडगे, तुरीचे वरण, येसर (धान्य आणि डाळ भाजून दळलेले मसाल्याचे पीठ) लावलेली वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आमरस, ताक आणि कांदा. माणसे २८ धरली आहेत. काकूंना, म्हणजे मित्राच्या आईला, हे सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नवस कुणाचा हाय?" आमच्या भागात रोडगे बहुतेक वेळा मारुतीच्या नवसाचेच असतात. नवस नाही, सुट्टी आहे म्हणून करतो आहोत, असे उत्तर दिल्यावर त्या म्हणाल्या, "मग बिघडले तर बोल कुणाला लावणार?"

१९ एप्रिल, शनिवार

परभणीत आठ किलो बन्सी गहू दळून घेतला. रोडग्याचे पीठ रव्याच्या जवळ जाणारे, जाडसर लागते. गिरणीत तसे दोनदा सांगूनही पोळीचे बारीक पीठ हातात आले. पुन्हा गहू घेऊन दुसऱ्या गिरणीत उभा राहून दळून आणला. बारीक पीठ घरी पोळ्यांना ठेवले आहे.

२० एप्रिल, रविवार : पहिली चाचणी

दीड किलो जाड पीठ, मीठ, ओवा आणि पाणी एवढ्यावरच कणीक घट्ट भिजवली आणि बारा गोळे केले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत्येक गोळा सुमारे १९० ग्रॅम भरला. सकाळी सात वाजता विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत चाळीस गोवऱ्या रचून पेटवल्या. वीस मिनिटांनी ज्वाळा खाली बसल्या असे पाहून मित्राने घाईने रोडगे आत लोटले. माझ्याही हातात घड्याळ होते, पण मी त्याला थांबवले नाही, हे इथे नोंदवले पाहिजे.

पस्तीस मिनिटांनी रोडगे बाहेर काढले. साल काळी पडलेली होती, तिला कडवट धुराचा वास होता आणि मधोमध फोडल्यावर आत ओलसर, दाताला चिकटणारी कणीक निघाली. गेल्या वर्षीचीच गत पुन्हा झाली.

काकू ओसरीवरून सगळे पाहत होत्या. त्या उठून आल्या, काठीने राख बाजूला केली आणि खालच्या अर्धवट जळलेल्या गोवऱ्या आम्हाला दाखवल्या. "धूर हाय तोवर रोडगा टाकू नाही. आर बघ लेकरा, जाळ बघू नको." आर म्हणजे गोवरी आतपर्यंत पेटून ज्वाळा आणि धूर दोन्ही संपल्यावर राहणारा तांबडा विस्तव. त्यांनी आरावर एक वीत उंचीवर तळहात धरला आणि लगेच मागे घेतला. पुन्हा धरून दाखवा, अशी विनंती करून मी घड्याळ लावले. चार सेकंद, दुसऱ्यांदाही चारच. याच्या आत हात काढावा लागला तर आर जास्त कडक आहे, आठ-दहापर्यंत हात टिकला तर तो उतरला आहे. त्यांनी आयुष्यात सेकंद मोजलेले नाहीत, पण हात दरवेळी त्याच क्षणी मागे येतो.

दुसरी चूक आमच्या कणकेत होती. तिच्यात मोहन नव्हते आणि गोळा सरळ वळून टाकला होता, त्यामुळे आतल्या घट्ट गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचतच नव्हती. खरा रोडगा थरांचा असतो. आधी लिंबाएवढी गोळी, तिला तेलाचे बोट, तिच्याभोवती वाटीसारखी थापलेली पारी, पुन्हा तेल, पुन्हा मोठी पारी. असे तीन-चार थर एकात एक बसवून शेवटच्या पारीचे तोंड चिमटीने बंद करायचे. भाजताना कणकेतल्या पाण्याची वाफ या तेलाच्या थरांमधून फिरते, थर सुटे होतात आणि मधली गोळीसुद्धा शिजते. काकूंनी एक करून दाखवला तेव्हा त्यांच्या अंगठ्याने पारीची कड इतकी पातळ केली की, पलीकडचे बोट कणकेतून पुसट दिसत होते. मित्राची पारी तीनदा फाटली. माझी फाटली नाही, पण कड जाड राहिली आणि तोंड बंद केल्यावर वर गाठ आली. ती गाठ कच्ची राहणार, हे काकूंनी आधीच सांगून ठेवले.

जागा बदलावी लागणार आहे. विहिरीच्या पूर्वेला खळ्यावर हळद वाळत घातलेली आहे आणि दुपारनंतरचा वारा पश्चिमेचा असतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिला गोवऱ्यांच्या धुराचा वास लागला तर बाजारात भाव पडेल आणि मित्राचे वडील आम्हाला घरात घेणार नाहीत. आर आता खळ्याच्या पूर्वेकडच्या नांगरलेल्या पट्टीत करायचा. तिथे जळण्यासारखे काही नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

मित्राने बांधावरच्या दोन केसर झाडांचे पाडाला आलेले ९० आंबे देठासह उतरवून घेतले आणि माळवदाच्या थंड खोलीत भाताच्या पेंढ्यात आढी घातली. देठ ठेवला की, चीक फळावर ओघळत नाही आणि साल डागाळत नाही. बाजारातला झटपट पिवळा होणारा आंबा आम्ही मुद्दाम टाळला. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्याला कायद्याने बंदी आहे, तरी पुडी कुठे वापरली असेल ते खाणाऱ्याला कळत नाही.

२६ एप्रिल, शनिवार : दुसरी चाचणी

आजचे रोडगे जमले. दीड किलो पिठाला १५० ग्रॅम तेलाचे कडकडीत मोहन घालून कणीक भिजवली, प्रत्येकी १५० ग्रॅमचे चार थरांचे सोळा रोडगे केले, आणि गोवऱ्या पेटवल्यानंतर पन्नास मिनिटे काहीही केले नाही. ही पन्नास मिनिटे मित्राला फार जड गेली. चौथ्या सेकंदाला हात निघाल्यावर रोडगे आरावर मांडले, चिमट्याने फिरवत सगळीकडून साल घट्ट होऊ दिली आणि मग गरम राखेत पुरून अर्धा तास ठेवले. बाहेर काढून फडक्यात झटकले तेव्हा राख सहज निघाली आणि बोटाने दाबताच रोडगा तडकून थर मोकळे झाले. गाठीचा कच्चेपणा दोन रोडग्यांत आढळला. दोन्ही माझे होते.

आज वरणाने मात्र दगा दिला. अर्धा किलो डाळ बोअरच्या पाण्यात चुलीवर ठेवली. दीड तास उकळूनही दाणा दाणा वेगळाच राहिला. पळीने घोटला तरी तो निसटत होता. डाळ जुनी असेल असा मित्राचा तर्क होता, पण ती याच वर्षीच्या त्याच्या तुरीची आहे. माझा संशय पाण्यावर होता. त्याच डाळीतली दोन मुठी दुसऱ्या पातेल्यात घेऊन, पिण्यासाठी आणलेल्या फिल्टरच्या पाण्यात, त्याच चुलीवर ठेवली. चाळीस मिनिटांत ती मऊ झाली.

कारण सरळ आहे. आमच्याकडे काळ्या पाषाणातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. डाळीच्या पेशींना एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन या क्षारांशी जुळले की, ते अधिक घट्ट होते आणि उकळूनही सुटत नाही. आंबट पदार्थही असाच अडथळा करतात, म्हणून चिंच डाळ पूर्ण शिजल्यावरच घालायची. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर डाळ शिजते. पण जास्त पडला तर वरणाला साबणासारखी चव येते आणि अठ्ठावीस माणसांच्या पातेल्यात तो धोका मला नको आहे. फिल्टरच्या पाण्याचे २० लिटरचे चार जार सांगून ठेवले.

हे सगळे मी काकूंना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या की, त्या सून म्हणून आल्या तेव्हापासून डाळीसाठी पाणी गावातल्या गोड्या विहिरीवरूनच आणत असत. बोअर झाले आणि ती वाट मोडली. हे त्यांनी सकाळी का सांगितले नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "तुम्ही इचारलं कुठं?"

२८ एप्रिल, सोमवार

किराणा आणि भाजीची यादी पूर्ण झाली. अडीच किलो डाळ, सहा किलो लहान काटेरी वांगी, दीड किलो शेंगदाणे, अर्धा किलो तीळ, सुके खोबरे, दोन किलो तूप. येसर काकूंकडचाच आहे : गहू, हरभऱ्याची डाळ आणि धणे खमंग भाजून, मसाल्याबरोबर दळलेला. तो रश्श्यात कालवला की, रस्सा दाट होतो आणि भाकरी-रोडग्याला धरून राहतो. भाड्याच्या भांड्यांत एक पातेले झिरपणारे निघाले. पाणी भरून पाहिले म्हणून कळले. बदलून आणले.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

मित्राच्या घरी अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने घागर पूजल्याशिवाय कोणी आंबा तोंडात घालत नाही. पंगत नेमकी दुसऱ्या दिवशी असल्यामुळे आमरसाला हरकत उरली नाही. तारीख ठरवताना आम्हा दोघांच्याही हे ध्यानात नव्हते. दुपारी आढी उघडली. ९० पैकी ७१ आंबे पिकले होते, ६ डागाळले होते आणि बाकीचे अजून कडक होते. एका माणसामागे अडीच आंबे येतात, तेवढे पुरे आहेत.

आमरस आणि ताक गार कसे ठेवायचे, हा प्रश्न होता. बर्फ आणायचा तर वसमतहून शेतावर पोहोचेपर्यंत निम्मा वितळतो. रांजण ओसरीत वाळूवर ठेवून, त्याला भोवती ओले गोणपाट गुंडाळून दुपारी तीन वाजता मोजले : ओसरीत ४१ अंश, रांजणातल्या पाण्यात २७. हवा कोरडी असली की, बाष्पीभवन जोरात होते आणि पाण्यातली उष्णता ओढून घेते. पावसाळ्यात हाच रांजण एवढा गार होत नाही. रसाची दोन पातेली अशाच दोन रांजणांच्या तोंडात, पाण्याला टेकतील अशी बसवायची.

१ मे, गुरुवार

पहाटे साडेपाचला शेजारच्या बागेतून केळीची पाने कापून आणली आणि ओल्या धोतरात गुंडाळून ठेवली. ऊन चढल्यावर कापलेले पान वाळते आणि मांडताना शिरेपासून फाटते. सकाळी मित्र गावच्या शाळेत ध्वजवंदनाला गेला होता. तेवढ्या वेळात मी शेंगदाणे, तीळ आणि खोबरे भाजून कुटून घेतले. साडेनऊला चूल विझवायची होती. मिरच्या तव्यावर भाजून लसणासह ठेचा वाटण्याचे काम मात्र नियम मोडून दहा वाजेपर्यंत चालले आणि त्या ठसक्याने घरातली लहान मुले अंगणात पळाली.

दुपारी कणीक. सहा किलो पीठ, सहाशे ग्रॅम मोहन, तीन लिटरला किंचित कमी पाणी. काकू, त्यांच्या दोन जावा आणि आम्ही दोघे असे पाच जण बसलो होतो. ६४ रोडगे झाले. माणशी दोन आणि वर आठ. मी प्रत्येक ताटावर खडूने आकडे लिहिले होते, म्हणून या संख्येबद्दल मला खात्री आहे.

४.४५ ला डाळ चुलीवर चढली. ५.०० ला नांगरलेल्या पट्टीत १८० गोवऱ्यांचा आर रचून पेटवला. शेजारी पाण्याने भरलेला २०० लिटरचा ड्रम आणि दोन बादल्या ठेवल्या.

५.२० ला पश्चिमेकडे आभाळ मळले आणि वावधान सुटले. पाऊस आला नाही, चार थेंबही नाहीत, पण वाऱ्याने गोवऱ्यांचा जाळ आडवा केला. वाऱ्यात गोवरी भात्यासारखी पेटते. जो आर पन्नास मिनिटांत व्हायचा आणि तासभर टिकायचा, तो अर्ध्या तासात भडकून राख होऊ लागला. मित्र गोठ्यावरचे दोन सुटे पत्रे ओढत घेऊन आला आणि आम्ही ते खुंट्यांना बांधून वाऱ्याच्या बाजूला उभे केले. ठिणग्या पट्टीबाहेर जात नाहीत ना, हे बघायला त्याच्या वडिलांना ड्रमजवळ उभे केले. वारा पाऊणे सहाला पडला. मी हात धरून पाहिला : नऊ सेकंद. आर उतरला होता.

इथे आम्ही दोघे भांडलो. पाहुणे यायला लागले होते, म्हणून त्याला आहे त्या आरावर रोडगे टाकून जास्त वेळ ठेवायचे होते. मंद आरावर रोडगा भाजत नाही, नुसता वाळतो आणि दगड होतो, असे माझे म्हणणे होते. काकूंनी दोघांकडेही लक्ष न देता आणखी साठ गोवऱ्या आणायला सांगितल्या आणि त्या तुकडे करून जुन्या आरावर पसरल्या. खालचा विस्तव तयार असल्यामुळे तुकडे पंचवीस मिनिटांत आतपर्यंत पेटले. ६.२० ला हात चौथ्या सेकंदाला निघाला.

साल धरेपर्यंत चार जण चार बाजूंनी चिमटे घेऊन बसलो. मग राख ओढून सगळे पुरले. सूर्य मावळला होता, आकाशात चंद्राची बारीक कोर होती आणि तिचा उजेड काही कामाचा नव्हता, म्हणून उकरताना मोटारसायकलचा दिवा आरावर धरावा लागला. ७.१५ ला पहिला रोडगा काढला. मित्राने तो फडक्यात घेऊन दोन्ही हातांनी दाबला. आवाज वाळक्या पानांवर पाय पडल्यासारखा आला, आतून वाफ निघाली आणि त्यावर काकूंनी पळीभर तूप ओतले. तूप वर राहिले नाही, थरांत उतरले.

मोजून काढले तेव्हा ६३ झाले. दोनदा मोजले. ताटांवरचे खडूचे आकडे पुन्हा बेरीज करून पाहिले, ६४ च. कोणी मधल्यामध्ये खाल्ला असेल असे म्हणून मित्राने विषय संपवला; माझ्या वहीत तो संपला नाही.

पंगत ७.४० ला बसली, ठरल्यापेक्षा चाळीस मिनिटे उशिरा. माणसे ३१ आली. वरण चांगले शिजले होते, चिंच-गूळही बेताचा होता. वांग्याच्या भाजीत येसर थोडा जास्त पडला आणि शेवटच्या वाढपाला ती पिठल्याइतकी घट्ट झाली. पुढच्या वेळी अडीचशे ग्रॅमच्या वर जायचे नाही. आमरस रांजणाच्या तोंडात २८ अंशांवर होता. बर्फासारखा गार नव्हता, पण रसाची चव त्या तापमानाला अधिक उघडते असे मला वाटले. लहान मुलांनी मात्र तक्रार केली. मुले एका रोडग्यावर थांबली, मोठ्यांपैकी एकाने चार खाल्ले. ४९ संपले, १४ उरले.

झोपण्यापूर्वी आरावर दोन बादल्या पाणी मारले. खालची राख फुसफुसत राहिली, म्हणून कडेने माती ओढली. मित्राचे वडील रात्री बारा वाजता उठून पुन्हा बघून आले.

२ मे, शुक्रवार

उरलेले १४ रोडगे सकाळी कुस्करून दुधात आणि गुळात कालवले. न्याहारीला सगळ्यांना पुरले. पातेली घासून परत केली. पत्रे गोठ्यावर चढवले, त्यातला एक वाकला आहे.

राख गार झाल्यावर काकूंना ती वाफ्यांसाठी हवी होती, म्हणून मी आणि मित्र पाट्या भरू लागलो. पत्रा उभा केला होता त्या कडेला, मातीखालून फावड्याला काहीतरी कडक लागले. चौसष्टावा रोडगा होता. साल काळी, वजनाला हलका. फोडला तर आत थर नीट सुटलेले, पण पूर्ण वाळून खडखडीत झालेले. गाठीवरून तो माझाच होता हे ओळखू आले. काकूंनी तो पाण्यात भिजवून गायीला घातला आणि मी कालच्या पानावर ६३ खोडून ६४ लिहिले.